गावातलं रेसकोर्स कुठं गेलं? सातारा-सांगलीकडं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मैदानांचा माग काढणाऱ्यांना सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तेच तेच प्रश्न पडतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र दिली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींत संपतात. कुठल्याही प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

एवढ्याशा गावाला रेसकोर्स कशाला लागत होतं?

गावाला लागतच नव्हतं. ते लागायचं कॅम्पला आणि दरबाराला.

इंग्रजी फौजेनं जिथं कायमचा तळ टाकला तिथं काही वर्षांत चर्च, दफनभूमी, क्लब आणि घोड्यांचं मैदान यायचं. पुण्याच्या कॅम्पातलं रेसकोर्स १८३० सालचं, म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम बारा वर्षं झाली होती. अधिकाऱ्यांकडं स्वतःचे घोडे, हाताशी नोकर-चाकर आणि संध्याकाळ मोकळी. अशा शर्यतींना जिमखाना रेस म्हणत. धंदेवाईक जॉकी नाहीत, बहुतेक वेळा मालकच घोड्यावर.

साताऱ्याचा सदर बझार हा जुन्या कॅम्पचाच भाग. १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवून कंपनीनं आपला प्रतिनिधी म्हणून ग्रँट डफला इथं ठेवलं, आणि १८४८ साली शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारल्यावर राज्यच खालसा केलं. या काळात साहेबांबरोबर घोडे असणारच. १८५७ च्या जुलैत कोल्हापुरात पलटणीनं बंड केलं तेव्हा सदर्न मराठा इररेग्युलर हॉर्स या रिसाल्याचे स्वार घेऊन लेफ्टनंट कर साताऱ्याहून निघाला आणि भर पावसात कोल्हापूरला पोहोचला. पुढं त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रिसाला मुक्कामाला असला की घोडे दौडवायला मोकळी जागा लागते, आणि कवायतीच्या जागेवर सुट्टीच्या दिवशी पैज लागायला वेळ लागत नाही.

दुसरा प्रकार संस्थानी. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण: आजच्या दोन जिल्ह्यांत संस्थानांची केवढी दाटी होती ते नकाशात बघा. राजाकडं पागा असायची, पाहुणा गोरा साहेब असायचा, आणि त्याला दाखवायला काहीतरी लागायचं. म्हणून शोध सुरू करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: आपलं गाव कॅम्पचं की दरबाराचं? दोन्ही नसेल तर ‘रेसकोर्स’ म्हणून जे सांगितलं जातंय ते बहुधा दुसरंच काहीतरी निघतं.

मराठ्यांकडं घोडे काय कमी होते? मग शर्यती इंग्रजांच्या कशा?

घोडे भरपूर होते. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार आणि सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा बारगीर, ही विभागणी शाळेतल्या पुस्तकापासून माहीत असते. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद अशी सोय होती. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींचा विचार तलवारीइतकाच झालेला होता. सरनोबत हंबीरराव मोहिते कराडजवळच्या तळबीडचे, आणि १६८७ साली वाईजवळच्या लढाईत पडले तेही याच जिल्ह्यात.

पण लढाईचा घोडा आणि शर्यतीचा घोडा यांचं काम वेगळं. लढाईचा घोडा कडब्यावर, वाटेतल्या गवतावर दिवसामागून दिवस चालायचा. शर्यतीचा घोडा मैलभर अंतर पावणेदोन मिनिटांच्या आत कापतो आणि मग तबेल्यात जातो. घोडदौड आपल्याकडं जुनीच होती. इंग्रजांनी आणली ती मोजलेली धाव, खोगिराला लावायचं वजन, घड्याळ, पंच आणि नियमांचं पुस्तक. जास्त वेगवान घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कमी वेगवानाच्या कमी, म्हणजे सगळे एका रेषेत यावेत, ही युक्तीही त्यातलीच.

घोडेही बाहेरचे. आखातातून जहाजानं मुंबईला उतरणारे अरबी घोडे एकोणिसाव्या शतकातल्या शर्यतींचे राजे होते. ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या घोड्यांना ‘वेलर’ म्हणत, कारण ते न्यू साउथ वेल्सचे. आपल्या दख्खनी तट्टाचा या मंडळींत निभाव लागणं कठीण, म्हणून ठेंगण्या घोड्यांच्या पोनी रेस वेगळ्या व्हायच्या. उंची हातात मोजत, एक हात चार इंचांचा.

रेसकोर्सला किती जागा लागते?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण खरं-खोटं निवडायला याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.

शर्यतीचं अंतर फर्लांगात मोजतात. फर्लांग म्हणजे ६६० फूट, आणि आठ फर्लांगांचा मैल. आपल्याकडं इंग्रजी मोजणीत जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची होती. म्हणजे फर्लांगात बरोबर २० साखळ्या बसतात, मैलात १६०. ३३ फूट लांब आणि तेवढाच रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. रेसकोर्स आणि सातबारा एकाच मापाच्या घरातले असल्यानं जुन्या मोजणीच्या कागदावर मैदान उतरवणं अवघड जात नाही.

आता हिशेब करू. एक मैलाचा फेरा धरा, दोन सरळ बाजू चारशे-चारशे मीटरच्या आणि दोन्ही टोकांना अर्धगोल. एवढ्या फेऱ्याच्या आत सुमारे ३८ एकर जमीन येते. दीड मैलाचा फेरा, सरळ बाजू सहाशे मीटरच्या, तर सुमारे ८६ एकर. त्यात घोडे उभे करायची जागा, प्रेक्षकांची जागा आणि रस्ता आलेला नाही. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स २११ एकरांचं. त्यातली १२० एकर जागा २०२४ साली महापालिकेच्या उद्यानासाठी काढून द्यायचं ठरलं.

तेव्हा कुणी ‘आमचं रेसकोर्स पाच एकरांचं होतं’ म्हणालं तर ते घोडे फिरवायचं रिंगण असेल, टांग्यांचा तळ असेल, पोलीस परेडचं मैदान असेल. सरळ धावेची चार फर्लांगांची पट्टी मात्र कमी जागेत बसते, ती शक्यता सोडू नका.

गावाच्या कुठल्या बाजूला शोधायचं?

माळावर. काळ्या रानात कुणी शहाणा माणूस घोडे पळवणार नाही. पावसाळ्यात ते रान पायाला धरतं, उन्हाळ्यात त्याला हातभर खोल भेगा पडतात, आणि भेगेत खूर गेला की घोड्याचा पाय मोडलाच. शिवाय कृष्णाकाठची काळी जमीन हळदीची, पुढं उसाची. ती पळण्यासाठी सोडणं कुणाला परवडणार? मुरमाड, थोडी उताराची, पाणी निचरून जाणारी जागा हवी. अशी जागा गावनकाशावर गायरान, मुलकी पड (सरकारी पडीक जमीन) किंवा ‘माळ’ या शब्दासह दिसते.

त्यातही कॅम्प, विश्रामधाम किंवा राजवाडा यांच्यापासून बग्गीनं सहज जाता येईल अशी बाजू आधी बघा. आणि पाणी. पन्नास घोडे उभे राहायचे म्हणजे जवळ मोठी विहीर, ओढा किंवा तलाव असायलाच हवा.

तिथं काही बांधकाम उरलेलं असतं का?

सहसा नाही, आणि रेसकोर्स एवढं साफ पुसलं जाण्याचं मोठं कारण तेच. किल्ला पडला तरी दगड राहतात. छोट्या गावचं रेसकोर्स म्हणजे सपाट केलेला माळ, लाकडी किंवा बांबूचं कुंपण, चुन्याची रेघ आणि शर्यतीच्या दिवशी उभारलेला शामियाना. कुंपणाचं लाकूड पहिल्याच पावसाळ्यात चुलीत जातं. कुठं कुठं दगडी जोत्याचा छोटा मंडप, मैलदगडासारखा अंतराचा खांब किंवा पाणी पाजायची हौद-कुंडी टिकते. पण घोड्याची हौद आणि गुरांची हौद यांत फरक सांगणं कठीण, तेव्हा हौदीवरून इतिहास रचू नका.

मग या शर्यती बंद का पडल्या?

लोक एक कारण मागतात आणि बहुतेकदा ‘राजाचं राज्य गेलं’ हे कारण स्वतःच सांगून मोकळे होतात. ते शेवटचं कारण आहे. आधीची कारणं जास्त महत्त्वाची.

पहिलं रेल्वे. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज लाइन १८९० च्या सुमारास पुण्यापासून मिरजेमार्गे खाली गेली, आणि १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरही जोडलं गेलं. तोवर घोडा पायीच न्यावा लागायचा, म्हणून ज्याच्या-त्याच्या गावाला ज्याचं-त्याचं मैदान. रेल्वेच्या डब्यातून घोडा पुण्याला जायला लागला की मालक हिशेब करणार: गावच्या माळावरचा चांदीचा कप बरा की पुण्याचं बक्षीस बरं? उत्तर उघड आहे. चांगले घोडे पुण्या-मुंबईला गेले आणि गावात उरले ते हौशी. ज्या रेल्वेनं गावाला बाजारपेठ दिली तिनंच गावाची शर्यत नेली, हे आपल्याकडच्या इतिहासात नीट मांडलं जात नाही.

दुसरं कारण फौज. कॅम्प एकेक करून रिकामे झाले, आणि पहिल्या महायुद्धात लष्करानं घोडे गोळा करून परदेशी पाठवले. पुढं १९३० च्या दशकाच्या अखेरीस रिसाल्यांचे घोडेच गेले आणि गाड्या आल्या. साहेबही मोटारीतून फिरायला लागला, राजेही. पागेच्या जागी गॅरेज आलं.

तिसरं, पैशाची उडी एवढी मोठी झाली की लहान संस्थानांना ती झेपण्यासारखी राहिली नाही. १९४३ सालची पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीनं जिंकली. त्याच महाराजांनी १९४५ साली इंग्लंडात २८,००० गिनींना एक शिंगरू विकत घेतलं, त्याचं नाव ‘सयाजीराव’ ठेवलं, आणि १९४७ साली त्यानं तिथली सेंट लेजर शर्यत मारली. हा खेळ ज्या पातळीवर गेला होता तिथं एखाद्या लहान जहागिरीच्या पागेनं काय करायचं?

मग ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि वर्षभरानं, १ मार्च १९४९ ला, कोल्हापूर. तोपर्यंत बहुतेक ठिकाणी विलीन करायला फक्त जमीन उरली होती.

सट्ट्यामुळं सरकारनं बंदी घातली असं ऐकलं. खरं का?

सरसकट बंदी नाही, परवाना. १८८७ चा मुंबईचा जुगारविरोधी कायदा घोड्यांच्या शर्यतीवरच्या पैजेला काही अटींवर वगळतो, १९१२ साली रेसकोर्सला परवाना लागू करणारा वेगळा कायदा आला, आणि १९२५ साली पैजेवर कर बसला. परवाना, हिशेब, कर या सगळ्याला क्लब लागतो, कारकून लागतो. माळावरच्या हौशी शर्यतीला ते कुठून जमणार! संस्थानांत ब्रिटिश मुलखाचे कायदे आपोआप लागू नव्हते, त्यामुळं तिथं थोडी मोकळीक होती. विलीनीकरणानंतर तीही संपली.

सुप्रीम कोर्टानं १९९६ साली घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ जुगार नव्हे, असा निकाल दिला. तो मद्रासच्या क्लबाच्या प्रकरणात. आपल्याकडच्या गेलेल्या मैदानांना त्याचा उपयोग नव्हता.

विलीनीकरणानंतर ती जमीन कुणाकडं गेली?

इथं जरा लक्ष द्या, कारण आज तिथं काय उभं आहे हे यावर ठरलेलं असतं.

विलीन होताना राजांना आपल्या खासगी मालमत्तेची यादी द्यावी लागली. यादीत मान्य झालं ते राजघराण्याचं, बाकी सगळं सरकारचं. मैदान सरकारकडं गेलं असेल तर आज तिथं पोलीस परेडचं मैदान, शाळा-कॉलेज, एसटीचा डेपो, औद्योगिक वसाहत किंवा सरकारी क्वार्टर दिसतील. खासगीत गेलं असेल तर १९५० ते १९८० च्या दरम्यान प्लॉट पडलेले, आणि हौसिंग सोसायट्यांची नावं राजघराण्यातल्या माणसांची. सपाट, मोकळी, एकाच मालकाची आणि गावाला लागून असलेली ३०-४० एकर जमीन: प्लॉट पाडणाऱ्याला याहून काय हवं?

कॅम्पच्या जमिनीचं तसं नाही. ती लष्कराची असेल तर अजून लष्कराचीच असू शकते. पुण्याचं रेसकोर्स आजही संरक्षण खात्याच्या जागेवर आहे.

कागद कुठं शोधायचे?

गॅझेटिअरपासून सुरुवात करतात सगळे. बॉम्बे गॅझेटिअरचा सातारा जिल्ह्याचा खंड १८८५ सालचा, त्यात गावोगावच्या कॅम्प, बंगले, बाजार यांची माहिती मिळते. वाचा, पण त्यावर थांबू नका. गॅझेटिअर लिहिणाऱ्या साहेबाला जे सांगण्याजोगं वाटलं तेवढंच त्यात आहे.

नकाशा त्याहून भरवशाचा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक इंच एक मैल प्रमाणाच्या जुन्या पत्रांवर, म्हणजे नकाशाच्या शीटवर, रेसकोर्स लांबट गोल म्हणून काढलेलं असतं. सांगली ४७ एल या गटातल्या पत्रात येते. सातारा शहर ४७ जी आणि ४७ के यांच्या सीमेवर पडतं, तेव्हा दोन्ही मागवा, नाहीतर अर्धं गाव हातात येईल. एकाच भागाची वेगवेगळ्या सालांची पत्रं शेजारी ठेवली की कुठल्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये मैदान गेलं ते कळतं.

मग भूमी अभिलेख कार्यालय. गावनकाशा, टिपण (मोजणीचा कच्चा नकाशा), आकारबंद (सर्व्हे नंबरचं क्षेत्र आणि सारा यांची नोंद), आणि गावठाणालगतची जागा असेल तर सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही आणि मालमत्ता पत्रक. तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफार. सातबारा आजच्या मालकाचं नाव सांगतो. जमीन कशी बदलत गेली ते फेरफार सांगतो, म्हणून नक्कल मागताना ‘जुन्यात जुना फेरफार’ असं स्पष्ट लिहा. सर्व्हे नंबर माहीत नसेल तर कुणी कारकून उठून शोधणार नाही, त्यालाही बोल लावू नका. आधी नकाशावरून नंबर काढा आणि मग खिडकीपाशी जा.

संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, सातारच्या जुन्या राज्यासाठी पुण्याचं पेशवे दप्तर, आणि मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारासाठी मुंबईचं पुराभिलेखागार. तिथं ‘रेसकोर्स’ नावाची फाइल मागितलीत तर हात हलवत परत याल. पागाखर्च, खासगी खातं, दरबारखर्च, गव्हर्नरच्या भेटीचा बंदोबस्त, या नावांखाली मागा. शामियान्याचं भाडं, चंदीची (घोड्याच्या खुराकाची) खरेदी आणि कपाचं बिल तिथं सापडतं, आणि खर्चाची नोंद सहसा खोटं बोलत नाही.

जुनी वर्तमानपत्रंही चाळा. ज्ञानप्रकाश १८४९ पासूनचा, केसरी १८८१ पासूनचा. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथालयांची मोठी हानी झाली, तेव्हा इथं न मिळालेला अंक पुण्यात विचारा.

आमच्याकडं ‘रेसकोर्स’ नावाचा चौक आहे. एवढा पुरावा पुरेसा नाही का?

चांगली सुरुवात आहे. कोल्हापुरात संभाजीनगरजवळ रेसकोर्स नाका आहे. रिक्षावाल्याला सांगा, तो बिनचूक नेतो. राजकोटला रेसकोर्स रिंग रोड आहे, तर कोईमतूरला रेसकोर्स नावाचा अख्खा भाग आहे आणि तिथला रस्ताच लांबट गोल फिरतो. नावं टिकतात ती अशी. पण दिल्लीत पंतप्रधानांच्या घरासमोरचा रेसकोर्स रोड २०१६ साली लोककल्याण मार्ग झाला, म्हणजे पाटी बदलायला एक ठराव पुरतो.

नाव हाती आलं की आकार शोधा. उपग्रहचित्र उघडा आणि सरळ-काटकोनी प्लॉटांमध्ये कुठं एखादा बांध, गल्ली किंवा कंपाउंडची भिंत उगाच वळते का बघा. ते वळण पुढं वाढवून गोल पूर्ण होतो का? दोन टोकांची वळणं सारख्या मापाची निघतात का? निघाली, आणि नावही तेच असेल, तर घोडामैदान जवळ आलं म्हणायला हरकत नाही.

जुनी विमानाची धावपट्टी म्हणजेच रेसकोर्स, असं काहीजण म्हणतात.

धावपट्टी सरळ असते, रेसकोर्स बहुधा गोल. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामाच्या वेळची, १९५० च्या दशकातली. सांगलीजवळ कवलापूरचीही अशीच जुनी पट्टी. मोठा सपाट माळ दोन्हींना लागतो म्हणून गल्लत होते. सर्व्हे नंबर जुळले तरच बोला.

महाबळेश्वर-पाचगणीचे घोडे हा त्याच परंपरेचा भाग का?

अर्धा. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्यात १८२९ साली अदलाबदल झाली, वाई तालुक्यातल्या खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा कंपनीकडं आली, आणि माल्कम पेठ वसली. मुंबई सरकार उन्हाळ्यात तिथं मुक्कामाला येऊ लागलं, तशी साहेबी करमणूकही आली. बॉम्बे पॉइंटच्या वाटेवरचं पोलो ग्राउंड त्या दिवसांचं. वेण्णा तलावाकाठी आणि पाचगणीच्या टेबल लँडवर आज जे घोडे फिरतात तो पर्यटनाचा धंदा आहे, शर्यतीचा नाही. थंड हवेच्या गावात घोड्यांची शर्यत बघायची असेल तर माथेरानचं ऑलिंपिया रेसकोर्स बघा. ते रायगडात आहे, आणि तिथं मोटारी नाहीत म्हणून घोडा अजून रोजच्या कामाला लागतो. मला तर वाटतं, मैदान टिकतं ते शर्यतीवर नाही, घोड्याच्या रोजच्या कामावर.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारावं?

‘राजेसाहेबांचा घोडा कसा होता?’ असं विचारू नका. घोडा पांढराशुभ्र, वाऱ्यासारखा पळणारा आणि मालक मेल्यावर अन्न सोडणारा, अशी एकच गोष्ट चाळीस गावांत ऐकायला मिळेल. रात्री टापा ऐकू येतात हे तर विचारायच्या आधीच सांगतात.

कामाबद्दल विचारा. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारे, कुठल्या आळीतले होते? चंदीला हरभरा कुठल्या दुकानातून यायचा? नाल कोण मारायचं, आणि त्याच्या घरी आता काय चालतं? खरारा (घोड्याचं अंग घासणं) झाल्यावर घोडे कुठल्या वाटेनं मैदानावर न्यायचे, पाणी कुठं पाजायचे? चाबुकस्वार, म्हणजे नवा घोडा तालमीत तयार करणारा, गावातला होता की बाहेरून आणलेला? या प्रश्नांना माणसं कल्पनेनं उत्तर देत नाहीत. वाट, दुकान, विहीर यांची नावं येतात आणि ती नकाशावर तपासता येतात. अगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या पायांचे दोर), तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), रिकीब (पाय ठेवायची कडी) असे शब्द सहज तोंडात येत असतील तर समोरचा माणूस पागेच्या जवळपास वाढलेला आहे एवढं नक्की.

बोलणं रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. आणि ज्यांच्या घराण्यात घोड्याची चाकरी होती त्यांना मानानं विचारा. राजवाड्यातल्या माणसांपेक्षा मैदान त्यांना जास्त माहीत असतं.

शर्यतीत आपला भीमथडी घोडा पळायचा का?

मोठ्या शर्यतींत त्याचं काम नव्हतं. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांतला हा घोडा आखूड, काटक, कमी चाऱ्यावर राहणारा. माण, आटपाडी, जत या भागांतले धनगर मेंढरं घेऊन निघतात तेव्हा बिऱ्हाड याच्याच पाठीवर असतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं अलीकडं त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. देशातले एकूण घोडे-तट्टू २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होते, २०१९ ला साडेतीन लाखांच्या आत आले, तेव्हा ही मान्यता वेळेवर मिळाली असं म्हणवत नाही.

घोड्यांच्या शर्यती गेल्या, मग बैलगाड्यांच्या कशा राहिल्या?

बैल शेतकऱ्याच्या दावणीला होता. त्याला क्लब लागला नाही, कॅम्प लागला नाही. यात्रा आणि मोकळं रान पुरलं. बंदी मात्र त्यालाच जास्त बसली. २०११ साली केंद्रानं बैलाला खेळ-प्रदर्शनातून वगळलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. घोडा त्या यादीत नव्हता. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं शर्यती थांबवल्या, २०१७ साली महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला कोर्टानं सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं दुरुस्ती वैध ठरवली. ही सगळी वर्षं सातारा-सांगलीत काय तगमग होती ते सांगायला नको.

घोडा मात्र बैलाच्या सावलीत राहिला. पुण्याकडं घाटात, म्हणजे बैलगाडा पळवायच्या धावेवर, गाड्यापुढं घोडी पळते. आपल्याकडं घोडागाडीच्या शर्यती लागतात, आणि एका बाजूला घोडा, दुसऱ्या बाजूला बैल जुंपलेली गाडीही पळवतात. हमरस्त्यावर होणाऱ्या घोडागाडी शर्यती मला पसंत नाहीत. डांबरावर खुरांचे हाल होतात आणि मागून मोटारसायकलींचा ताफा. माळ असताना घोडा डांबरावर आणायचं कारण काय?

आमचा प्लॉट जुन्या रेसकोर्सच्या जागेत आहे म्हणतात. काही अडचण येईल का?

सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर भूधारणा बघा. भोगवटादार वर्ग १ (विकायला मोकळी जमीन) असेल तर सहसा काळजी नाही. वर्ग २ असेल, किंवा जागा मूळची सरकारी असून सोसायटीला दिलेली असेल, तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागू शकतो. घर घेताना वकील सहसा तीस वर्षांचा शोध घेतात. अशा जागेला तेवढा पुरत नाही. विलीनीकरणाच्या वेळी ती खासगी यादीत होती की सरकारजमा झाली, हे दाखवणारा १९४८ च्या आसपासचा फेरफार मागा, आणि मूळ सर्व्हे नंबरापासून आजच्या प्लॉट नंबरापर्यंतची सगळी पोटहिश्श्यांची साखळी कागदावर जुळते का ते बघूनच इसारा द्या.